टोल पडायच्या आधी : मंगळवार पेठेतल्या एका आईचं प्रकरण

हे प्रकरण ताईंच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं कुणाचीच घालत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत गल्ली सांगितली की घर कळतं आणि घर कळलं की मूल कळतं. त्या मुलाविषयी चारचौघांत काय सांगायचं ते मोठेपणी त्याचं त्यानं ठरवावं. म्हणून आई म्हणजे ताई आणि तिचा ऑटिझम (स्वमग्नता) असलेला मुलगा म्हणजे लेक, एवढंच. शाळेचं आणि कचेरीचं नावही देत नाही.

मी कोण हे मात्र सांगायला हवं. प्राथमिक शाळेत 31 वर्षं शिकवून निवृत्त झाले. ताईंच्या घरापासून चार घरं सोडून राहते. पेठेत अर्ज लिहायचा असला की माणसं माझ्याकडं येतात. रेशनकार्ड, जन्मदाखला, पाणीपट्टी, काहीही असो. ताई आल्या त्याही अर्जासाठीच, जुलै 2023 मध्ये, पदराखाली प्लास्टिकची पिशवी धरून. बाहेर पाऊस कोसळत होता. पिशवीत थेरपिस्टचे रिपोर्ट होते, डॉक्टरांची चिठ्ठी होती, सगळं नीट घडी घालून.

"बाई, शाळेनं सांगितलंय, मधली सुट्टी झाली की लेकाला घरी न्या. आणि तोवर मी व्हरांड्यात बसायचं. नाहीतर स्वतःच्या पैशानं शॅडो टीचर ठेवायचा, वर्गात त्याच्याजवळ बसून मदत करणारा. नाहीतर स्पेशल शाळा बघायची."

मी म्हटलं, "दाखवा बघू पत्र."

"पत्र न्हाई. तोंडीच सांगितलं."

मला त्या क्षणी एक जुना मुलगा आठवला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्याच वर्गात होता. नावानं हाक मारली तर बघायचा नाही, पण फळ्यावरच्या बेरजा सगळ्यांच्या आधी सोडवायचा. खडू करकरला की कान दाबून बाकाखाली शिरायचा. मी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं आणि त्याच्या वडिलांना म्हटलं, "याचं इथं काही जमणार नाही." तेही तोंडीच. वडिलांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. ऑटिझम हा शब्द मी तोपर्यंत ऐकला नव्हता. पण शब्द माहीत नसला तरी मूल समोर होतं, आणि ते समोर असताना मी त्याच्याकडं नीट पाहिलं नाही. ताईंचं काम मी हातात घेतलं त्यामागं हे आहे.

लेक तेव्हा 7 वर्षांचा, दुसरीत. दीड वर्षाचा असताना दहाबारा शब्द बोलायचा, अडीच वर्षांपर्यंत ते एकेक करून गेले. घरात प्रत्येकानं आपापला उपाय केला. आजीनं माघात जोतिबाचे खेटे घातले, पाचही रविवार अनवाणी. कुणी म्हणालं मोबाईलमुळं झालं, कुणी म्हणालं मुलगे उशिराच बोलतात. 2019 च्या अखेरीस डॉक्टरांनी निदान सांगितलं, थेरपी सुरू झाली आणि चौथ्या महिन्यात लॉकडाऊन लागला. वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत शिफ्टला. ताई घरी फॉल-पिको करतात. खाजगी स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या कामांचा सराव) दोन्ही परवडत नव्हतं, म्हणून एक महिना हे आणि एक महिना ते असं चाललं होतं.

लेकाचं बोलणं परत आलं ते केएमटीच्या, म्हणजे शहर वाहतुकीच्या बसमधून. थेरपीला जाता-येता कंडक्टरचं ऐकून ऐकून त्यानं ते जसंच्या तसं उचललं. "गंगावेश, गंगावेश", "सुट्टे द्या", "पुढं सरका, पुढं सरका". पाहुण्यांना वाटायचं पोरगं नुसतं पोपटासारखं बोलतंय. ऐकलेलं वाक्य तसंच परत म्हणणं हे ऑटिझममध्ये पुष्कळ मुलांत दिसतं आणि त्याला अर्थ नसतो असं समजणं ही मोठी चूक आहे. लेकाचं "पुढं सरका" कधी येतं ते ताईंना पाठ होतं. माणसं दाटली, आवाज वाढला, जीव घाबरला की येतं. त्याच्याकडं "मला इथून बाहेर न्या" हे वाक्य नव्हतं. हे होतं.

शाळेत मात्र कुणाला ते कळत नव्हतं. जूनमध्ये खिचडीच्या रांगेत तो सहा-सात वेळा "पुढं सरका" म्हणाला, पुढची पोरं हसली, आणि त्यानं समोरच्या मुलाच्या दंडाला चावा घेतला. त्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी शाळेत भांडायला आली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या लेकराच्या दंडावर दात उमटले होते. वर्गात 48 मुलं, शिक्षिका एकटी. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबानं प्राथमिकला 30 मुलांमागं एक शिक्षक हवा. मुख्याध्यापकांनी सोपा मार्ग काढला, तो ताईंच्या गळ्यात पडला.

आमचा पहिला अर्ज वाया गेला आणि तो मी लिहिला होता. "माझ्या मुलास समजून घ्यावे व पूर्णवेळ शाळेत बसू द्यावे ही नम्र विनंती." भाषा चांगली होती. सहा आठवडे काहीच झालं नाही. शाळेनं पोचही दिली नाही. आता मागं वळून पाहताना वाटतं, त्या अर्जाचं कुणी काय करणार होतं? "समजून घ्या" यावर शेरा काय मारायचा? त्यात करण्यासारखं एकही काम लिहिलं नव्हतं.

दरम्यान ताई व्हरांड्यात बसत होत्या. शाळेनं बसवून ठेवलेल्या त्या जागेवरूनच त्यांना सगळं दिसत होतं. थेरपिस्ट मॅडमनी पूर्वी एकदा सांगितलं होतं की मुलाला त्रास होतो तेव्हा त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे लिहून ठेवा. मी दोनशे पानी वही दिली आणि रकाने आखून दिले. तारीख, वेळ, आधी काय, लेकानं काय केलं, कशानं शांत झाला. ताई सातवी शिकलेल्या. पहिले दोन दिवस लिहायला लाजत होत्या, शुद्धलेखन चुकेल म्हणून. मी म्हटलं, मी तपासणार नाही. त्यांच्याच अक्षरातल्या दोन नोंदी इथं देते. टोल म्हणजे शाळेची घंटा.

"8 ऑगस्ट. 1.26 ला पुढं सरका तीनदा. कान झाकला. 1.30 टोल. दप्तर टाकून फाटकाकडं पळाला. मी धरलो. जिन्याखाली बसवलो. 9 मिन्टात गप."

"11 ऑगस्ट. शिपाईमामा रजेवर. टोल नाही. बाईनी तोंडानं सुट्टी सांगितली. लेक रांगेत उभारला. खिचडी खाल्ली. काहीच नाही."

ही दुसरी नोंद मी चारदा वाचली. तोपर्यंत आम्ही सगळे रांगेला दोष देत होतो, गर्दीला देत होतो, खिचडीच्या वासाला देत होतो. रांग तीच, गर्दी तीच, खिचडीही तीच. फक्त टोल पडला नव्हता. त्या शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला आहे, त्यावर लोखंडी दांडकं मारतात, आणि दुसरीचा वर्ग बरोबर त्याच्या शेजारी. तीन आठवड्यांत 17 दिवस शाळा भरली. वहीत 21 प्रसंग होते. त्यातले 16 मधल्या सुट्टीच्या टोलाच्या आसपास, आणि त्या सोळांतल्या बहुतेकांची सुरुवात टोल पडायच्या आधी चार-पाच मिनिटं. म्हणजे आवाजापेक्षा त्याची वाट बघणं लेकाला जास्त छळत होतं. येणार हे माहीत, कधी येणार हे माहीत नाही.

ताई म्हणाल्या, "बाई, म्हंजे पोरगं मस्ती करत न्हवतं. घाबरत हुतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आई असून तिला हे नव्यानं कळत होतं आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. घरात टोल नव्हता.

आता दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राकडं वळते, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं राहिलं. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हताच. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकार आले आणि त्यांत स्वमग्नता आली. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. लेकाचं प्रमाणपत्र मात्र काढलेलं नव्हतं, कारण वडील नको म्हणत होते. "एकदा शिक्का बसला की जन्मभर बसला." हे मी अनेक घरांत ऐकलं आहे आणि ते निव्वळ अज्ञान नसतं. पुढं बहिणीचं लग्न, भावकीत बोलणं, हे सगळं त्या नकारात असतं. मी त्यांना एवढंच दाखवलं की या कायद्याच्या कलम 31 प्रमाणं 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा स्पेशल शाळेत, आणि कुठली ते निवडायचं मुलानं. शाळेनं नव्हे. शाळा तोंडानं "स्पेशल शाळा बघा" म्हणते तेव्हा कागदावरचे 40 टक्के हेच आपलं उत्तर. वडिलांनी दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्रपाळी करून आले आणि न झोपता ऑनलाइन अर्ज भरायला माझ्याकडं बसले.

तपासणी इसा नावाच्या भारतीय मापनश्रेणीवर होते. 40 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, म्हणजे कमीत कमी 40 आणि जास्तीत जास्त 200. इतरांशी नातं, भावना, बोलणं, वागण्याच्या पद्धती, आवाज-उजेड-स्पर्श यांना मिळणारा प्रतिसाद, आकलन, असे त्याचे सहा भाग. सत्तरच्या खाली ऑटिझम धरत नाहीत. ताई वही घेऊन गेल्या होत्या. तपासणाऱ्या मॅडमनी ती मागून घेतली आणि प्रश्न विचारताना पानं उलटत राहिल्या. लेकाला 118 गुण आले, मध्यम स्वरूप, 70 टक्के. सीपीआर या सरकारी दवाखान्यातून बाहेर पडून ताई दसरा चौकापर्यंत चालत आल्या आणि तिथून मला फोन केला. "सत्तर टक्के लिहून दिलं बाई." पुढं बराच वेळ फोनवर नुसता वाहनांचा आवाज येत होता. मी फोन ठेवला नाही.

दुसरा अर्ज ताईंनी सांगितला आणि मी लिहिला. या वेळी विनंती एकही नव्हती, मागण्या होत्या आणि प्रत्येक मागणीशेजारी वहीचं पान. टोल पडायच्या पाच मिनिटं आधी लेकाला चित्राचं कार्ड दाखवावं, एका बाजूला टोल, दुसऱ्या बाजूला ताट. टोलाच्या वेळी त्याला कान झाकणारे हेडफोन घालू द्यावेत. रांगेत तो शेवटी किंवा पाच मिनिटं आधी असावा. "पुढं सरका" ऐकू आलं की त्याला जिन्याखाली जाऊ द्यावं, तिथं आम्ही सतरंजी देतो. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षिकेची आठवड्याला एक भेट शाळेनं मागून घ्यावी. आणि शाळा पूर्णवेळ. यातल्या पहिल्या चार गोष्टींना शाळेचा एक रुपयाही लागत नव्हता.

त्याखाली कायदा, थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 16 म्हणतं, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही. दिव्यांग कायद्याचंही कलम 16 च आहे, ते म्हणतं, मान्यताप्राप्त शाळेत भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणं वाजवी सोय. दोन्हीकडं सोळाच, त्यामुळं ताईंना ते लगेच पाठ झालं. शेवटी एक परिच्छेद घातला, तो माझ्या मते सगळ्यात कामाचा ठरला. "दिनांक अमुक रोजी आपण आम्हांस तोंडी असे सांगितले की मुलास मधल्या सुट्टीनंतर घरी न्यावे. हे शाळेचे अधिकृत म्हणणे असल्यास कृपया लेखी द्यावे." तोंडी नकाराला आवक क्रमांक नसतो, सही नसते, त्याच्यावर अपील करता येत नाही. तो घेऊन आई फक्त घरी जाऊ शकते. म्हणून तो पहिल्यांदा कागदावर आणायचा, मग त्यांनी आणला काय आणि आपण आणला काय. या वेळी अर्ज दोन प्रतींत नेला आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय ताई टेबलापासून हलल्या नाहीत. पाऊण तास उभ्या होत्या.

आठ दिवसांत मुख्याध्यापकांनी बोलावलं. ते चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. कार्ड, हेडफोन, सतरंजी, रांग, सगळं मान्य. पूर्णवेळ "हळूहळू बघू". विशेष शिक्षिकेसाठी म्हणाले, शिक्षण विभागाच्या कचेरीत जा.

कचेरीतल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, एकट्या मुलासाठी आम्ही दर आठवड्याला माणूस कसा पाठवणार?"

हे वाक्य मी अन्यायाचं म्हणून लिहीत नाही. फिरत्या विशेष शिक्षकाच्या वाट्याला किती शाळा येतात हे मी नोकरीत पाहिलं आहे. कंत्राटावर काम, आज या शाळेत तर उद्या त्या शाळेत, हजेरीचे कागद भरता भरता दिवस जातो. पण सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात केंद्र सरकारला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं. त्याप्रमाणं प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक, त्यावरच्या वर्गांना 15 मागं एक असं प्रमाण ठरलं. केंद्र सरकारनं 2022 मध्ये ते शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत घातलं. म्हणजे माणूस कमी आहे ही शाळेची किंवा आईची अडचण नाही, ती भरून काढायची जबाबदारी सरकारची आहे.

ताई जिन्यात थांबून म्हणाल्या, "एकटा म्हणत्यात. एकटा कुठला? थेरपीच्या बाकड्यावर रोज दहा बाया बसलेल्या असत्यात."

हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या तीन आठवड्यांत ताईंनी त्या बाकड्यावरच ओळखी काढल्या. फुलेवाडी, कसबा बावडा, कळंबा, उचगाव, एक आजी तर नातवाला घेऊन राधानगरीकडून एसटीनं यायच्या. अकरा घरं झाली. बसायला जागा नव्हती, तर गल्लीतल्या तालमीनं वरचा हॉल दिला. भिंतीवर पैलवानांचे फोटो, कोपऱ्यात गदा, आणि खाली सतरंजीवर अकरा आया-आज्या आणि तीन बाप. तालमीतली पोरं चहा घेऊन आली ती दारातच उभी राहून ऐकत राहिली. त्या वर्षी मिरवणुकीची तयारी करताना त्यांनी ताईंच्या दारासमोर डॉल्बी उभी करायची नाही असं आपणहून ठरवलं. कुणी त्यांच्याकडं अर्ज दिला नव्हता.

त्या दिवशी कळलं की अकरांतल्या सात मुलांना शाळेनं काही ना काही तोंडी सांगितलेलं होतं. परीक्षेला पाठवू नका. सहलीला आणू नका. तपासणीच्या दिवशी घरी ठेवा. एका बापानं सांगितलं, "साहेब येणार म्हणून पोराला चार दिवस सुट्टी दिली. पोरगं रोज सकाळी दप्तर घेऊन दारात बसायचं." कुणाकडंच कागद नव्हता.

मला त्या हॉलमध्ये शाहू महाराजांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. कोल्हापूर संस्थानात 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिना एक रुपया दंड होता. त्याच गावात शंभर वर्षांनी आईबाप पोराला घेऊन शाळेच्या दारात उभे आहेत आणि दारातून आत घ्या म्हणून सांगावं लागतं आहे. या गावाला दिव्यांगांचं काम नवं नाही. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये इथं हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला काय लागतं हे कोल्हापूरला शिकवलं. रॅम्प दिसतो, मागता येतो. लेकाला लागणारा रॅम्प कुणाला दिसत नाही. तो पाच मिनिटं आधी दाखवलेल्या कार्डाचा असतो.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. शाळा किती, नोंदवलेली दिव्यांग मुलं किती, विशेष शिक्षक किती, आणि गेल्या वर्षभरात प्रत्येक शाळेला भेटी किती. एवढंच विचारलं. मतं विचारायची नाहीत, कागदावर असतं तेवढंच मागायचं. 30 दिवसांच्या मुदतीच्या आत उत्तर आलं. त्यातल्या रकान्यांशेजारी ताईंनी पट्टीनं आणखी एक आखला, दहाला एक धरून किती हवेत. आकडेमोड मी तपासली. बरोबर होती.

मग लोकशाही दिन, म्हणजे जिल्हाधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस. जिल्ह्याला तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. आम्ही अकरा जणांच्या सह्यांचं एक निवेदन घेऊन गेलो तर खिडकीवर सांगितलं, इथं सामूहिक निवेदन चालत नाही, तक्रार वैयक्तिक पाहिजे. एका कचेरीत एकट्यासाठी होत नाही, दुसरीकडं सगळ्यांचं मिळून चालत नाही. मी हताश झाले होते, खरंच. ताईंनी तिथल्या बाकावर बसून विचारलं, "मग अकरा येगळं दिलं तर?" रात्री माझ्या घरी अकरा अर्ज लिहिले. मजकूर सारखा नव्हता. प्रत्येक घराची वही वेगळी होती, कारण तोवर सगळ्यांनी वह्या धरल्या होत्या. एका मुलीला ट्यूबलाइटची गुणगुण सहन होत नव्हती. एकाला अचानक बदललेली बाकाची जागा. एकाला प्रार्थनेच्या वेळी मागून खांद्यावर ठेवलेला हात.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी नागाळा पार्कातल्या कलेक्टर कचेरीत अकरा टोकन एकामागून एक पुकारली गेली. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. ताईंचा नंबर चौथा होता. त्यांनी वही उघडून 11 ऑगस्टचं पान समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, एवढंच वाचा." वाचलं गेलं. सातव्या-आठव्या अर्जानंतर शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांना पुढं बोलावून विचारलं गेलं की हे सगळे एकाच विषयाचे आहेत का. लेखी आदेश निघाला. प्रत्येक शाळेला भेट द्यावी, मुलाला लागणाऱ्या सोयी लिहून घ्याव्यात, अहवाल पुढच्या महिन्यात द्यावा.

जानेवारीत विशेष शिक्षिका लेकाच्या शाळेत आल्या. आठवड्याला नाही, पंधरा दिवसांनी. वयानं लहान, थकलेल्या, पण कामाच्या. त्यांनी वर्गशिक्षिकेशेजारी बसून कार्ड कसं दाखवायचं ते दाखवलं, आणि "पुढं सरका" याच्या जागी लेकाला हातात द्यायला एक छोटं कार्ड दिलं, जिन्याच्या चित्राचं. फेब्रुवारीत शाळा पूर्णवेळ झाली. ताईंचं व्हरांड्यातलं बसणं थांबलं.

टोलाचं खरं उत्तर मात्र आमच्यापैकी कुणाच्याच अर्जात नव्हतं. ते शिपाईमामांनी काढलं. एक दिवस त्यांनी लेकाला हाताला धरून रुळाजवळ नेलं, घड्याळ दाखवलं आणि दांडकं त्याच्या हातात दिलं. पहिल्या दिवशी त्यानं मारलं नाही. दुसऱ्या दिवशी हलकेच टेकवलं. तिसऱ्या दिवशी हेडफोन घालून असा टोल दिला की शेजारच्या वर्गातली बाई बाहेर आली. आपण मारणार तेव्हाच आवाज होणार, हे कळल्यावर वाट बघण्यातली भीतीच गेली. मधल्या सुट्टीचा टोल आता त्याचा आहे.

सुटलं नाही तेही लिहिते. स्पीच थेरपीचा खर्च अजून घरावरच आहे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीही येते. तो काढला आहे, पण खिशातून आधी भरून मग मागायचे पैसे फाउंड्रीच्या पगारात बसवणं सोपं नाही. अकरांतल्या दोन घरांना शाळेनं पुढच्या वर्गात प्रवेशच नाकारला. त्यांच्या तक्रारी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं गेल्या आहेत. आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधितांनी काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं, असं कलम 81 मध्ये आहे. राधानगरीकडच्या आजी आता येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. नातू घरी आहे.

मला या सगळ्यात राग येतो तो एका गोष्टीचा. 48 मुलांच्या वर्गात एका मुलाकडं नीट पाहण्याचं काम शेवटी आईनं केलं, व्हरांड्यात बसून, बिनपगारी, घरचं फॉल-पिको बुडवून. वही ठेवणं हे शाळेचं काम आहे. प्रत्येक आईला चार घरं पलीकडं निवृत्त बाई मिळत नाही.

जून 2024 मध्ये लेक तिसरीत गेला. वर्गशिक्षिका नव्या. विशेष शिक्षिकांकडच्या शाळा बदलल्या, त्यांच्या जागी कोण येणार ते कुणी सांगेना. पहिल्याच दिवशी ताई जुनी वही आणि एक नवी कोरी वही घेऊन गेल्या. नव्या बाईंना जुनी वाचायला दिली आणि म्हणाल्या, "ही माझी. ही नवी तुमची. रकाने मी आखून आणलोय." बाईंनी घेतली.

गेल्या आठवड्यात मी शाळेत जाऊन ती मागून पाहिली. तेरा पानं भरली आहेत. भेटवहीत विशेष शिक्षकाच्या रकान्यात जूनपासून एकही सही नाही. ताईंचा पुढचा अर्ज माझ्या टेबलावर आहे, दोन प्रतींत.